ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यावा का? मुलगी विद्युत अभियांत्रिकीला, मुलगा गणिताला

प्रश्न : मानेवाड्याचा_पालक

नमस्कार. माझी मुलगी नागपुरातच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलाने यंदा गणित हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. तो दिवाळीत घरी येणार असून, "मामा, मुलांसाठी इकडून ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणू का? इथे तर शाळेतली मुलेसुद्धा तोच वापरतात," असे त्याने फोनवर विचारले. पडद्यावर आलेख काढणाऱ्या या यंत्रांची त्याने तीन नावे सांगितली आहेत : टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-८४ प्लस सीई व टीआय-एनस्पायर सीएक्स टू कॅस, आणि कॅसिओचा एफएक्स-सीजी५०.

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे, त्यामुळे या तिघांत नेमका फरक काय, हे मला कळत नाही. मुलीकडे सध्या कॅसिओचा एफएक्स-९९१ईएस प्लस आहे. तो तिच्या आतेबहिणीकडून आलेला असून चांगला चालतो. मुलीला पुढे गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, द्यायची आहे. भाच्याला पैसे मी देणारच आहे. म्हणून वस्तू अशी हवी की दोघांनाही निदान तीन-चार वर्षे उपयोगी पडेल आणि कपाटात पडून राहणार नाही. सीताबर्डीत दोन दुकानांत विचारले, तेव्हा दोघांनीही ९९१ मालिकेतलेच कॅल्क्युलेटर दाखवले आणि ग्राफिंगचा मागवून घ्यावा लागेल असे सांगितले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : फेजर_आणि_फळा

नमस्कार भाऊ. मी विद्युत अभियांत्रिकी बरीच वर्षे शिकवतो आहे, म्हणून आधी आपल्या मुलीपुरते लिहितो.

कोणता कॅल्क्युलेटर जास्त हुशार, हा प्रश्न दुसरा. तो कुठे चालेल, हा पहिला. आपल्याकडच्या विद्यापीठीय प्रश्नपत्रिकांवर, प्रोग्राम करता न येणारा कॅल्क्युलेटर वापरण्यास परवानगी आहे, अशा अर्थाची सूचना छापलेली असते, आणि भाच्याने सांगितलेले तिन्ही कॅल्क्युलेटर प्रोग्राम करता येणारे आहेत, म्हणजे परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षकाने ते बाहेर ठेवायला सांगितले तर मुलीला वाद घालायला जागा राहणार नाही. गेटमध्ये तर स्वतःचा कोणताच कॅल्क्युलेटर नेता येत नाही. तिथे संगणकाच्या पडद्यावर एक साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर दिलेला असतो, तो माउसनेच चालवावा लागतो आणि त्यात समीकरणे सोडवण्याची सोय नसते. त्यामुळे गेटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याने शेवटचे काही महिने त्या पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच सराव करावा, असे मी वर्गात नेहमी आग्रहाने सांगतो. हाताला ९९१ची सवय लागलेली मुले तिथे वेळ घालवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

तरीही सेमिस्टरच्या परीक्षा आणि प्रयोगशाळा यांसाठी चांगला कॅल्क्युलेटर हवाच, आणि इथे मुलीच्या ईएस प्लसची एक मर्यादा दुसऱ्या वर्षात नक्की आड येईल. त्यावर एका वेळी तीन अज्ञातांची समीकरणे सुटतात आणि मॅट्रिक्स तीन बाय तीनपर्यंतच घेता येते. २०१५ साली आलेल्या ९९१ईएक्समध्ये, आणि त्यानंतरच्या ९९१सीडब्ल्यूमध्येही, ही मर्यादा चार अज्ञात व चार बाय चार अशी झाली. ऐकायला एकाचाच फरक वाटतो, पण एसी सर्किटसाठी तो फार मोठा आहे. कसा, ते उदाहरणानेच दाखवतो.

दोन मेशचे, म्हणजे दोन बंद वाटांचे, एक एसी सर्किट घ्या (जे म्हणजे −१ चे वर्गमूळ). १० व्होल्टचा स्रोत, पहिल्या मेशमध्ये १ ओहमचा रोधक, दोन्ही मेशमध्ये सामाईक असलेला जे३ ओहमचा इंडक्टर, आणि दुसऱ्या मेशमध्ये ३ ओहमचा रोधक व उणे जे३ ओहमचा कपॅसिटर. मेश समीकरणे अशी होतात :

(१ + जे३) आय१ − जे३ आय२ = १०
− जे३ आय१ + ३ आय२ = ०

९९१ मालिकेतला कोणताही कॅल्क्युलेटर समीकरणांच्या मोडमध्ये संमिश्र सहगुणक घेत नाही. संमिश्र संख्यांची बेरीज-गुणाकार वेगळ्या मोडमध्ये होतात, तिथे समीकरणे सुटत नाहीत. पण पहिला प्रवाह अ + जे·ब आणि दुसरा क + जे·ड असा लिहिला आणि प्रत्येक समीकरणाचा वास्तव भाग व काल्पनिक भाग सुटा केला, की चार साधी समीकरणे मिळतात :

अ − ३ब + ३ड = १०
३अ + ब − ३क = ०
३ब + ३क = ०
−३अ + ३ड = ०

ही चार समीकरणे ईएक्स किंवा सीडब्ल्यूला दिली की अ = १.६, ब = −१.२, क = १.२ आणि ड = १.६ अशी उत्तरे एकदम मिळतात. म्हणजे पहिल्या मेशचा प्रवाह २ अँपिअर आणि त्याचा कोन उणे ३६.८७ अंश. दोन मेशच्या कोणत्याही एसी सर्किटला ही रीत लागू पडते. हाच खटाटोप ईएस प्लसवर करायचा तर आधी एक अज्ञात हाताने काढून टाकावा लागतो, आणि चिन्हाची चूक नेमकी तिथेच होते.

ईएक्स आणि सीडब्ल्यू यांपैकी कोणता, असे विचाराल तर माझे मत ईएक्सकडे झुकते, कारण त्याची बटणे ईएस प्लसच्या वळणाची आहेत. सीडब्ल्यूमध्ये होम, कॅटलॉग, टूल्स अशी नवी मांडणी आहे. पूर्वी थेट बटणावर असलेल्या काही गोष्टी यादीत जाऊन शोधाव्या लागतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ती सोपी वाटते, पण जुनी सवय असलेल्याला पहिला महिना जड जातो. दुकानात ईएक्स मिळाला तर तो घ्यावा, न मिळाल्यास सीडब्ल्यू निःशंकपणे घ्यावा.

प्रतिसाद : आलेख_रेषा

वरच्या सरांच्या उत्तरात मुलीचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. मी मुलाबद्दल लिहिते, कारण मी गणित शिकवते आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलेटरची निवड चुकली तर विषयाची गोडीसुद्धा कमी होऊ शकते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आधी भाच्याने दिलेल्या नावांतला भेद. टीआय-८४ प्लस सीई आणि कॅसिओ एफएक्स-सीजी५० हे संख्यात्मक कॅल्क्युलेटर आहेत : ते आलेख काढतात, मुळे व क्षेत्रफळ आकड्यांत देतात, पण एक्सच्या वर्गाचे अवकलन केले तर दोन एक्स हे अक्षरी उत्तर देत नाहीत. टीआय-एनस्पायर सीएक्स टू कॅस हा वेगळ्या जातीचा आहे. कॅस म्हणजे बीजगणित चिन्हांतच करणारी यंत्रणा. ती अवयव पाडते, अवकलन-संकलन अक्षरांत करते, सीमा काढते. एचपी प्राइम आणि कॅसिओचा क्लासपॅड हेही याच जातीचे. नाव जवळपास तेच ठेवून कॅस नसलेला एनस्पायर सीएक्स टूही विकला जातो, तेव्हा भाच्याने खोक्यावरचा शेवटचा शब्द नीट वाचूनच पैसे द्यावेत.

या भेदाचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. एकमधून कोसाइन एक्स वजा करून त्याला एक्सच्या वर्गाने भागले, तर एक्स शून्याकडे जाताना त्याची सीमा १/२ येते. आता रेडियनमध्ये एक्सच्या जागी ०.०००००००१ घालून साध्या कॅल्क्युलेटरवर पाहा. उत्तर शून्य येईल, कारण इतक्या लहान कोनाचा कोसाइन आणि १ यांतला फरक त्याच्या सुमारे पंधरा अंकांच्या अचूकतेत मावतच नाही, आणि वजाबाकी होताच सगळे पुसले जाते. कॅस मात्र सीमा काढायला सांगितली की १/२ देते. मुलाला दोन्ही उत्तरे दिसावीत आणि पहिले का चुकले हे त्याने कागदावर सिद्ध करावे, यात त्याचे खरे शिक्षण आहे. पहिल्या वर्षी हातात कॅस असेल तर तो दुसरे उत्तर घेऊन पुढे जाईल, आणि हाताने सीमा काढण्याचा जो सराव याच वर्षी व्हायला हवा तो राहून जाईल. म्हणून पहिली दोन वर्षे तरी मी कॅसच्या बाजूने नाही.

मग आलेख नकोत का? आलेख हवेतच. ई चा एक्स घात बरोबर तीन एक्स वर्ग, हे समीकरण घ्या. ९९१च्या सॉल्व्ह बटणाला सुरुवातीची जी किंमत द्याल, तिच्यानुसार ते एखादे मूळ काढून देते आणि थांबते. बाकीची मुळे आहेत की नाहीत, याचा ते पत्ता लागू देत नाही. आलेखावर मात्र दोन्ही वक्र तीन ठिकाणी छेदताना दिसतात : साधारण −०.४५९, ०.९१० आणि ३.७३३ येथे. हे दिसणे फार मोलाचे आहे. परंतु ते पाहायला हजारो रुपये लागत नाहीत. ईएक्सच्या टेबल मोडमध्ये ई चा एक्स घात वजा तीन एक्स वर्ग हे फल भरून −१ ते ४ अशी सारणी काढा : −२.६३, १, −०.२८, −४.६१, −६.९१, ६.६०. चिन्ह तीनदा बदलते, म्हणून तीन मुळे; ज्या दोन किमतींच्या मध्ये चिन्ह बदलले, त्यांच्यामधलीच एक किंमत सॉल्व्हला दिली की ते मूळ हाती येते. मूळ टप्प्याटप्प्याने जवळ आणणारी न्यूटन-रॅफसन पद्धत शिकवताना सुरुवातीची किंमत कशी निवडायची हा प्रश्न मुले हमखास विचारतात, त्याचे उत्तर या सारणीतच आहे.

आलेख पाहण्यासाठी डेसमॉस आणि जिओजेब्रा मोबाइलवर विनामूल्य आहेत, आणि नमवर्क्स या फ्रेंच ग्राफिंग कॅल्क्युलेटरचे पूर्ण प्रतिरूप ब्राउझरमध्ये चालते. मुलाला आधी दोन महिने ते वापरू द्या. नंतरही त्याला हातातले यंत्रच हवे वाटले, तर एफएक्स-सीजी५० घ्यावा, असे मी सुचवेन. त्यावर सहा अज्ञातांपर्यंतची समीकरणे व सहाव्या घातापर्यंतची बहुपदी सुटते, पायथनही चालते, आणि तो चार बारीक ट्रिपल-ए सेलवर चालत असल्याने कोपऱ्यावरच्या दुकानातही त्याची सोय होते.

एक इशारा मात्र आताच देते, कारण तो कोणत्याही ग्राफिंग यंत्राला लागू आहे. पडद्याची रुंदी ठरावीक बिंदूंची असते. समजा ती ३८० भागांची आहे. आपल्या घरातल्या ५० हर्ट्झच्या व्होल्टेजची साइन लहर त्यावर ० ते ७.६ सेकंद अशी काढली, तर प्रत्येक भाग नेमका ०.०२ सेकंदाचा, म्हणजे लहरीच्या एका पूर्ण आवर्तनाचा होतो. प्रत्येक बिंदूवर किंमत शून्य येते आणि पडद्यावर सरळ रेषा दिसते. तीच मर्यादा ७.७ सेकंद केली, तर खऱ्या ३८५ आवर्तनांऐवजी पाचच संथ लाटा दिसतात, आणि त्या इतक्या सुबक असतात की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. मुलगा आणि मुलगी दोघांनाही हे करून पाहायला सांगा. विद्युत शाखेत पुढे सॅम्पलिंगचा, म्हणजे लहरीच्या किमती ठरावीक अंतरांवर घेण्याचा, धडा येईल तेव्हा तिला हीच गोष्ट पुन्हा भेटेल.

प्रतिसाद : मानेवाड्याचा_पालक

सर आणि मॅडम, आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले उत्तर मुलीला वाचून दाखवले. चार समीकरणांचा भाग आला तेव्हा तिने माझ्या हातून फोनच घेतला.

आता दोन शंका उरल्या आहेत. अमेरिकेत शाळेतली मुले जे यंत्र सर्रास वापरतात, ते आपल्याकडे अभियांत्रिकीलाही का लागत नाही? आणि मुलगी पुढे परदेशात शिकायला गेली, तर आत्ताच घेऊन ठेवलेले बरे, असे भाच्याचे म्हणणे आहे, त्यात किती तथ्य आहे?

प्रतिसाद : कोराडी_पाळी

भाऊ, मी नागपुरातच विद्युत अभियांत्रिकी करून पुढे अमेरिकेत एम.एस. केले आणि आता परत येऊन वीज क्षेत्रात काम करतो. माझ्याकडे एनस्पायर सीएक्स कॅस आहे, त्यामुळे आपल्या दोन्ही शंकांबद्दल स्वानुभवाने लिहू शकतो.

तिकडच्या शाळेत तो लागतो, कारण परीक्षाच तशी बेतलेली आहे. एपी कॅल्क्युलस या तिथल्या शाळेतल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेचा एक भाग ग्राफिंग कॅल्क्युलेटर हाताशी आहे असे गृहीत धरूनच काढलेला असतो. आपल्याकडे बारावीला आणि जेईईला कॅल्क्युलेटरच नसतो, म्हणून ती बाजारपेठ इथे तयार झाली नाही. पण भाच्याला हेही सांगा, की अमेरिकेतल्याच अभियंत्यांच्या परवान्यासाठीची जी एफई परीक्षा आहे, तिच्यात ग्राफिंग कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे मान्य असलेल्या मोजक्या कॅल्क्युलेटरांच्या यादीत कॅसिओच्या ९९१ मालिकेचे नाव आहे. म्हणजे सीताबर्डीतल्या दुकानदाराने आपल्याला जे दाखवले, तेच तिथेही चालते.

तरीही एनस्पायरची बाजू मी मांडेन, कारण वर ती थोडी कमी पडली आहे. सरांनी दिलेली मेश समीकरणे त्यावर जशीच्या तशी, संमिश्र सहगुणकांसह, मॅट्रिक्समध्ये भरता येतात. पाच बसच्या, म्हणजे पाच जोडबिंदूंच्या, पॉवर सिस्टिमचे ॲडमिटन्स मॅट्रिक्स (त्या जाळ्याचे संमिश्र संख्यांचे कोष्टक) मी त्यावर घातलेले आहे. एम.एस.च्या काळात गृहपाठ तपासायला त्याचा मला फार आधार होता : उत्तर आधी कागदावर काढायचे आणि मग यंत्रावर पडताळायचे. एचपी प्राइमही संमिश्र मॅट्रिक्स असेच घेतो आणि त्याचा पडदा स्पर्शावर चालतो. परंतु नोकरीत आल्यावर माझे तेच काम लॅपटॉपवर पायथनने होऊ लागले, आणि आता कामावर माझ्या खिशात जुना ९९१च असतो, कारण तो धुळीत पडला तरी जीव वर-खाली होत नाही.

परदेशी जाण्याच्या शक्यतेसाठी आत्ता घेऊन ठेवू नका. प्रवेश मिळाल्यावर तिथले प्राध्यापक काय चालू देतात ते पाहून तिथेच घेतलेला बरा. वॉरंटीही तिथलीच मिळते. तिकडून आणलेले यंत्र इथे बिघडले तर त्याला दाद मिळवणे कठीण जाते. शिवाय टीआय-८४ प्लस सीई आणि एनस्पायर या दोघांतही चार्ज होणारी बॅटरी आतच असते आणि तिला जुन्या मिनी-यूएसबी पद्धतीची केबल लागते. घरातल्या मोबाइलची केबल तिला बसत नाही. माझी केबल एकदा वसतिगृहात राहिली होती, तेव्हा दुसरी मिळेपर्यंत यंत्र नुसते जवळ होते.

प्रतिसाद : तिसरे_सेमिस्टर

काका, मी सध्या विद्यार्थिनी आहे, म्हणून खरेदीबद्दल थोडेसेच लिहिते. ९९१च्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. मी गेल्या वर्षी बिलाशिवाय दोनशे रुपये स्वस्त मिळतो म्हणून एका ठिकाणाहून एक घेतला होता; त्याची बटणे दोन महिन्यांत अडखळू लागली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी शिफ्टचे बटण आतच रुतले. कंपनीच्या सेवा केंद्रात दाखवला, तेव्हा तो मूळ कंपनीचा नाही असे कळले. त्यामुळे जीएसटीचे पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका. तिथेच उभे राहून त्यावर चार अज्ञातांचे समीकरण भरून पाहा आणि टेबल मोड उघडा. नकली यंत्राच्या खोक्यावर ईएक्स लिहिलेले असले तरी आत तितके काम झालेले नसण्याचा संभव असतो.

आणखी एक, परीक्षेला जाताना अंश आणि रेडियन यांपैकी कोणते लावलेले आहे ते पाहणे. फेजरसाठी, म्हणजे परिमाण व कोन यांत लिहिलेल्या एसी राशींसाठी, आम्ही अंश लावतो, नंतर गणिताच्या पेपरला तेच राहते आणि फुरिए श्रेणीचे सहगुणक चुकतात. आमच्या वर्गात हे दर सेमिस्टरला कोणाचे तरी होते.

प्रतिसाद : फेजर_आणि_फळा

या विद्यार्थिनीने रेडियनची आठवण दिली, ते फार बरे झाले. ती माझ्याकडून राहून गेली होती. एनस्पायरबद्दल वर जे लिहिले आहे तेही मला मान्य आहे. भाऊ, मुलगी पुढे पॉवर सिस्टिम किंवा कंट्रोल हा विषय घेऊन एम.टेक.ला गेली, तर संमिश्र मॅट्रिक्सची गरज तिला रोज भासेल, आणि तेव्हा हा खर्च कारणी लागेल. दुसऱ्या वर्षाला तो लवकर होईल.

प्रतिसाद : मानेवाड्याचा_पालक

सर्वांचे आभार. काय केले ते कळवतो. शनिवारी मुलीला घेऊन सीताबर्डीला गेलो, पक्के बिल घेऊन ईएक्स घेतला आणि दुकानदाराच्या काउंटरवरच सरांची चार समीकरणे तिने त्यात भरली, १.६, −१.२, १.२ आणि १.६ ही उत्तरे आली. तिचा ईएस प्लस आता मुलाला दिला आहे. टेबल मोड त्यावरही असल्यामुळे मॅडमनी दिलेल्या समीकरणाची सारणी त्याने त्यावरच काढली आणि तीन मुळांपैकी दोन सॉल्व्हने मिळवली. तिसऱ्यासाठी सुरुवातीची किंमत ३ आणि ४ यांच्या मधली घ्यायची, हे त्याला बहिणीने सांगितले.

भाच्याला सध्या कॅल्क्युलेटर आणू नको असे कळवले आहे. मुलगा दिवाळीपर्यंत नमवर्क्सचे प्रतिरूप वापरून पाहणार आहे. काल रात्री त्याने ७.७ सेकंदांची साइन लहर त्यावर काढली, पण तिथे पाचपेक्षा वेगळ्याच संख्येने लाटा आल्या. त्या पडद्याचे किती भाग आहेत, हे त्या लाटा मोजून उलट काढता येईल का, असे तो विचारतो आहे. मॅडम, सवड मिळाल्यास कृपया सांगावे.

प्रतिसाद : आलेख_रेषा

काढता येईल, आणि त्याने हा प्रश्न स्वतःहून विचारला याचा मला फार आनंद झाला. पडद्यावरच्या लाटांची संख्या म्हणजे खरी आवर्तने आणि पडद्याचे भाग यांतला फरक, परंतु भाग ३८५च्या आसपास असले तरच; भाग त्याहून बरेच कमी किंवा जास्त असतील, तर भागांच्या जवळच्या पटीशी तुलना करावी लागते. त्याला म्हणावे, मर्यादा थोडी थोडी बदलत जा आणि रेषा पूर्ण सपाट होईल ती वेळ शोध. त्या वेळेला ०.०१ ने, म्हणजे अर्ध्या आवर्तनाच्या वेळेने, भागले की जी संख्या येईल, ती भागांची संख्या तरी असेल किंवा तिची पट तरी. यांपैकी नेमके कोणते, हे सपाट रेषेची सर्वांत लहान वेळ शोधून त्याला ठरवता येईल. ०.०२ ऐवजी ०.०१ घ्यायचे, कारण अर्ध्या आवर्तनालाही बिंदूची किंमत शून्यच येते, हे त्याने विसरू नये.